पन्नास मिनिटांची अट

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, धड पाय पसरता येणार नाहीत अशा खोलीत एक बाई शिवणकाम करते. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिलाही त्याचं काही वाटत नाही. तिचं वय अठ्ठावन्न, माझं शहात्तर. मी शाळेत गणित शिकवायचे म्हणून ती मला बाई म्हणते. सकाळी अर्धा तास तिच्यासमोरच्या स्टुलावर बसून जगाला नावं ठेवल्याशिवाय आम्हा दोघींचाही दिवस उजाडत नाही.

मागच्या वर्षी तिच्या छातीत तीन दिवस दुखत होतं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, एकशे दहा विजारी. तिने कोणालाही सांगितलं नाही. मुलाने फोनवर विचारलं तर म्हणाली, ठणठणीत आहे. मी रोज समोर बसत होते, मलाही कळलं नाही. एवढी माझी हुशारी. चौथ्या दिवशी मशीनवर डोकं टेकून पडली ती पडलीच. हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर उरलेल्या सहा विजारी कोणी शिवल्या.

मुलगा विमा कंपनीत आहे. त्याला माणूस दिसायच्या आधी धोका दिसतो. त्याने धोशा लावला की दुकान बंद कर, आमच्याकडे सहाव्या मजल्यावर ये आणि बसून खा. सून चांगली आहे. तीही तेच म्हणायची, फक्त आवाज गोड. टाचणीला मात्र बसून खाणं म्हणजे जिवंतपणी घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, आणि काही महिन्यांनी हळूहळू पळायलाही. एवढ्यात आमच्या भागातल्या लोकांनी पाच किलोमीटरची धाव ठरवली. कोणीही यावं, जमेल तसं पळावं. टाचणीने डॉक्टरांना विचारून नाव दिलं आणि मुलाला सांगून टाकलं की पन्नास मिनिटांत पार केली तर दुकान बंद करायची भाषा पुन्हा काढायची नाही, आणि नाही जमलं तर मी मुकाट येते.

मुलगा म्हणाला, "चालेल. पण वेळ मी त्यांच्या यादीत बघणार. तुझ्या तोंडचं धरणार नाही."

ते तिला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

सरावात एकदाच, फक्त एकदाच, तिला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली होती. बाकी वेळा त्रेपन्न, चोपन्न. शेवटच्या आठवड्यात तिचं काम बिघडू लागलं. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. मी म्हटलं, अगं, धावायचं आहे, फासावर जायचं नाही. ती म्हणाली, बाई, फासावर घड्याळ लावून नेत नाहीत.

धावेच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा मीही तिचं कौतुकच केलं. सगळ्यांना छातीवर लावायला नंबराचा कागद आणि चार सेफ्टी पिना दिल्या होत्या. शिवणाऱ्या बाईने अंगावर पिना लावून मिरवायचं, हे तिला सहन होणार होतं थोडंच. तिने कडा कापून सारख्या केल्या आणि चारी बाजूंनी मशीन मारून नंबर असा बसवला की एक सुरकुती नाही.

सुरुवातीच्या रेषेपाशी नंबर तपासणारी एक मुलगी होती. तिने टाचणीच्या छातीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारलं, मागची फोमची पट्टी कुठे आहे?

टाचणी म्हणाली, "ते बकरम होय? ते उसवून टाकलं. नंबर फुगत होता."

त्या पट्टीतच चिप होती. रेषेवरचं यंत्र तीच वाचतं आणि तुमचा वेळ यादीत घालतं. जन्मभर कॉलरमधलं कडक कापड काढत-घालत आलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? दुसरी चिप मिळणार नव्हती. मुलीने समजावलं की पळायला हरकत नाही, यादीत मात्र नाव येणार नाही. टाचणीचा चेहरा उतरला. मुलगा पलीकडे दोरीजवळ उभा होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

"मग पळून काय उपयोग, बाई?" तिने मला विचारलं. "तो माझ्या तोंडचं धरणार नाही."

मी म्हटलं, सगळे निघाले, तू नीघ. सल्ला म्हणून तो अगदीच सुमार होता, पण ती निघाली.

पुढचं तिने नंतर सांगितलं ते असं. नवखी माणसं करतात तेच तिने केलं. गर्दीबरोबर सुसाट सुटली आणि पहिल्या किलोमीटरमध्येच धाप लागली. तरी दुसरा बरा गेला. तिसऱ्यात, पोस्टाच्या चढावर, डाव्या बाजूला दुखायला लागलं. बरगडीखाली की छातीत, ते तिला ठरवता येईना. बोटाने चाचपत ती पळत राहिली. मागच्या वर्षीही आपण असंच चाचपलं होतं, हे तिला आठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुखलं तर थांबायचं. थांबलं तर पन्नास मिनिटं गेली, हे तिला कळत होतं.

इकडे मी आणि मुलगा शेवटच्या रेषेपाशी उभे होतो. त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या आणि दर मिनिटाला त्याचा हात खिशाकडे जात होता. पंचेचाळीस मिनिटं झाली. ढेरपोटे आले, बाबागाडी ढकलणारी एक आई आली, माझ्या वयाचे एक गृहस्थ चक्क शीळ घालत आले. पन्नास झाली. टाचणीसारखी पांढरी टोपी घातलेली बाई दिसली की मुलगा पुढे व्हायचा, आणि ती दुसरीच कोणीतरी असायची. त्याचं यादीकडे लक्षच नव्हतं. एक रुग्णवाहिका रस्त्याच्या कडेने उलट दिशेला गेली, तेव्हा त्याने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. गाडी रिकामीच परत आली.

बावन्न मिनिटांनी टाचणी वळणावर दिसली. पळत होती, पण सावकाश, एक हात कमरेवर.

मुलाने तिला धरलं. आधी चेहरा पाहिला, मग ओठ, मग नखं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, किती मिनिटं झाली?"

घड्याळ माझ्या हातात होतं. मी आयुष्यात कोणाला अर्धा मार्क फुकट दिलेला नाही. पण यादीत तर काही येणारच नव्हतं. एकोणपन्नास म्हणायला माझं काय जात होतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पन्नासच्या वर गेले. चिप मीच काढून टाकली होती, यादीत बघू नकोस. मध्ये बसले होते मी."

"बसलीस? कशाला?"

"दुखायला लागलं. म्हटलं, छाती असेल. पोस्टाच्या पायरीवर बसले. वाकले की थांबायचं, श्वास सोडला की थांबायचं. मग कळलं, नुसती कूस धरली आहे. तरी अगदी थांबेपर्यंत उठले नाही. हरले, येते तुझ्याकडे."

मुलगा तिथेच फुटपाथवर टेकला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मागच्या वर्षी एवढं सांगितलं असतंस," तो म्हणाला आणि पुढचं गिळलं. मग खाली बघूनच म्हणाला की दुकान राहू दे, पण दुखलं की त्याच दिवशी मला कळलं पाहिजे, आणि संध्याकाळी सातला शटर खाली.

"आठ," टाचणी म्हणाली.

"आई."

"साडेसात. शाळा सुरू झाल्या की आठ."

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, तेव्हा तिने ते कबूल धरलं.

दुकान चालू आहे. मी सकाळी स्टुलावर बसले की जगाला नावं ठेवायच्या आधी तिला विचारते, आज कुठे दुखतंय का. ती वैतागते, बाई, रोज काय तेच, म्हणते. वैतागू दे. तिच्या 'नाही'वर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, म्हणून मी तिच्या तोंडाकडे नीट बघून मगच बसते.