कोंडाजीकाकांचा बट्टा

कोंडाजीकाका माझे सख्खे चुलते. आमच्या माले गावात त्यांच्याइतका सरळ माणूस नव्हता आणि हट्टीही. 'बट्टा' हा शब्द सदा त्यांच्या ओठांवर. कुणाची पोर मोठ्याने हसली, की घराण्याला बट्टा. कुणी पंगतीतून आधी उठलं, तरी बट्टा.

साठ साली, ऐन आषाढात, त्यांची एकुलती एक मुलगी जया कासार आंबोलीचं सासर सोडून आली. नवऱ्याने दाव्याने मारलं होतं, दोन्ही हातांवर वळ होते. काकांनी ते पाहिले, तिला घरात घेतलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बट्टा लागला गं घराला."

भातलावणी तोंडावर आली होती. आमच्याकडे लावणीला इर्जिक असते. ज्याचं शेत त्याने घरोघर जाऊन बोलावणं करायचं, गावाने लावून द्यायचं. मजुरी नाही, जेवण तेवढं घालायचं. काका बोलवायला गेलेच नाहीत. आपल्या बांधावर आता कोण पाऊल टाकणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मी म्हटलं, "काका, विचारून तर बघा." तर माझ्यावरच डाफरले. मला त्या हट्टाचा अजून राग येतो. तिकडे गावाला वाटलं, कोंडाजी कशावरून तरी रुसलाय. रोपं वाफ्यात पिवळी पडू लागली.

जया रोज ती रोपं बघायची. एका पहाटे कुणाला न सांगता ती सासरी निघून गेली.

त्याच सकाळी शेजारच्या गोजराबाई वीसेक माणसं घेऊन आपणहून शेतावर आल्या.

"भावजी, बोलावण्याची वाट तरी किती बघायची? रोपं मरत्यात. आन् जया कुटं हाय? तिच्याबिगर गानी कोन म्हननार?"

"गेली," काका म्हणाले. "घराला बट्टा लागला म्हनून..."

"आमी कवा म्हनलं बट्टा लागला?"

काका चिखलाने भरलेल्या पायांनी तसेच कासार आंबोलीला चालत निघाले. मी मागोमाग गेलो. जया दारात आली. कपाळावर ताजी खोक होती.

"चल पोरी, घरी चल," म्हणताना काकांना रडू आवरेना.

जयाने पदर कपाळावर ओढून घेतला. ती बापाला म्हणाली,

"नगं दादा. तुमच्या घराला पुन्यांदा बट्टा लागंल."