शुक्रवारचं पत्र

नव्वदचं दशक संपत आलं होतं, ईमेल नवीनच होतं. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत एक कानडी मास्तर मुलाखतीच्या तयारीचे वर्ग घेत. दर शुक्रवारी सायबर कॅफेत बसून, एका बोटानं टाइप करत, ओळखीच्या सगळ्यांना एक पत्र पाठवत. त्यातूनच त्यांना नवे विद्यार्थी मिळत. समोरच्याचं ऐकताना ते अशी मान हलवत, की माणूस नको तेही सांगून जाई.

मीही सांगितलं. बढतीच्या मुलाखतीत माझी वाचाच बसली, साहेबांसमोर मी रडले. घरीसुद्धा हे बोलले नव्हते.

त्या शुक्रवारी ते सगळं एका बाईची गोष्ट म्हणून पत्रात आलं. फक्त शेवटी ती बाई त्यांच्या वर्गाला जाते आणि बढती मिळवते. ऑफिसातल्या दोघींनाही ते पत्र जाई; त्यांनी मला लगेच ओळखलं.

मी जाब विचारला, तेव्हा ते खरोखर चकित झाले. "नाव कुठं घातलंय, अक्का? आणि स्वल्प बघा तरी, पत्रात तुम्ही पास झालात!"

मला बढती मिळाली नाही. त्या दोघी मात्र त्यांच्या वर्गाला जाऊ लागल्या. यादीतून माझा पत्ता काढा, असं मी दोनदा सांगितलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणाले. पत्र येतच राहिलं, आणि मीही दर वेळी ते शेवटपर्यंत वाचत राहिले, आपण पुन्हा त्यात आहोत का ते बघायला.