सेल घातलेली खेळणी

आमच्या वसाहतीतले घड्याळकाका दोन वस्तूंवरून ओळखले जातात. एक डोळ्याला लावायचं भिंग, ते घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं. दुसरी गळ्यातली शिट्टी, ती मैदानावरची. वर्षातून एकदा आम्ही व्यायामाची सकाळ भरवतो. प्रवेशासाठी एक नवं खेळणं आणायचं, ते गरजू मुलांना जातं. चिटणीस मी असलो तरी सूत्रं काकांच्या हातात.

यंदाही ते शिट्टी फुंकून सगळ्यांना बैठका काढायला लावत होते.

"काका, मिनिट संपलं की नाही? की तुमचंच घड्याळ बंद पडलंय?" शिंपीणबाई धापा टाकत ओरडल्या.

"घड्याळ चालू आहे, वहिनी. बंद तुम्ही पडताय!"

हशा पिकला. टेबलावरचा खेळण्यांचा ढीग वाढत गेला.

पुढचं काम काका एकट्याने करतात. खेळणी दुकानात नेतात, खोकं उघडून सेल घालतात, चालवून बघतात आणि खोकं पुन्हा चिकटवतात. बाहुलीचेसुद्धा हात फिरवून पाहतात. यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. मुलगी लहान असताना तिला कुणीतरी गाणारा पक्षी दिला, पण सेल नव्हते. "दुकानभर बारीक सेल, आणि त्याला लागायचे मोठे. हात इतका तंग की तेवढेही आणवेनात. पोर चोचीला कान लावून बसायची."

आजवर खेळणी अनाथाश्रमात जात. यंदा प्रथमच धर्मादाय इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात द्यायचं ठरलं. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. वॉर्डाच्या दारात सिस्टरनी एक खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"हे उघडलेलं दिसतंय."

"सगळीच उघडलीत. सेल घातलेत. हातात दिलं की लगेच चालणार!"

"अहो काका, आत सीलबंदच जातं. या मुलांना जंतू सोसत नाहीत. मी फोनवर नवीन म्हटलं होतं ना?"

"नवीनच आहेत हो."

"पण हात लागलाय."

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "स्पिरिटनं पुसून देतो."

"आतल्या फटी कशा पुसणार? माझ्या हातात असतं तर अडवलं असतं का मी? मुलं सकाळपासून वाट बघताहेत."

मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. उत्तर तेच मिळालं, फक्त जास्त गोड शब्दांत.

परत आलो तेव्हा दाराच्या काचेपलीकडे एक मुलगी उभी होती. डोक्यावर केस नव्हते, तोंडावर मास्क. काकांनी पिशवीतून ढोल वाजवणारं अस्वल काढलं, काचेसमोर धरलं आणि कळ दाबली. अस्वल जोरजोरात ढोल बडवू लागलं. मुलीने काचेला कान लावला.

"तिला ऐकू येतंय का हो?" काकांनी मला विचारलं.

काच जाड होती.

सिस्टरनी मुलीला हलकेच धरून खाटेकडे नेलं. अस्वल वाजतच होतं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्या काकांना ती कळ काही सापडेना. शेवटी मी अस्वल त्यांच्या हातातून घेतलं आणि बंद केलं.