न तपासलेली जांघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं म्हणता!

सांगायला बसलो की गाडी लगेच एक्स-रेच्या फिल्मकडे वळते. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो, तिथं फिल्म कधी नसायचीच. भूल देणारा डॉक्टर नव्हता, जीप होती तर डिझेल नव्हतं. याच रडगाण्यावर मी इतकी वर्षं निभावून नेलं. वैताग येतो स्वतःचा! जांघेवर हात ठेवायला फिल्म लागते का?

कौसाबाई. साठीची, काटकुळी, नऊवारीतली. तिचा मुलगा दगडू तिला दुपारच्या एसटीनं घेऊन आला. सकाळपासून उलट्या, कळा, पोट फुगलेलं. अशा वेळी आधी जांघ बघायची — तिथल्या बारीकशा फटीत आतडं अडकलेलं असू शकतं. क्वचितच सापडतं, पण सापडतं ते अशाच वाळलेल्या म्हाताऱ्यांत. हे मला ठाऊक नव्हतं? परीक्षेत लिहून आलो होतो की!

पण त्यासाठी काष्टा सोडावा लागतो. तिनं तो मुठीत घट्ट धरलेला. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, पडदा लावते, लेकाला भाईर काढते. दोन मिन्टांत सोडंल ती."

बाहेर रांग, मला भूक लागलेली. "राहू द्या," म्हणालो. लुगड्यावरूनच पोट दाबलं, सलाईन लावलं, एनिमा सांगितला. आणि केसपेपरवर लिहिलं — दोन्ही जांघा तपासल्या, गाठ नाही.

का लिहिलं? रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिला औरंगाबादला पाठवलं. तिथल्या सर्जननी माझ्या कागदावर विश्वास ठेवला आणि कितीतरी वेळ भलतीकडेच शोधत राहिले. ऑपरेशनच्या टेबलावर लुगडं उतरलं तेव्हा जांघेत आवळ्याएवढी गाठ दिसली. आतडं काळं पडलेलं. त्यांना वाटलं, गाठ नंतर वर आली असेल. तिसऱ्या दिवशी कौसाबाई गेली.

इथवर चूक म्हणता येईल कदाचित. पुढचं नाही. दगडू मला विचारायला आला, "साहेब, असं कसं झालं वो?"

मी म्हणालो, "उशीर केलास. सकाळच्या गाडीनं आणायचं होतंस."

सकाळची गाडी! दुपारी कौसाबाई माझ्यासमोर निजली होती तेव्हा वाचण्यासारखी होती. दगडूला तसं सांगतानाच मला ते कळत होतं.

परवा औरंगाबादच्या गुलमंडीत दगडू भेटला, नातीला कापड घ्यायला आलेला. आता तोच म्हातारा झालाय. भर रस्त्यात वाकला माझ्यापुढे. नातीला म्हणाला, "ह्यांनी लई केलं माझ्या आईसाठी. मीच सकाळची गाडी चुकिवली." डोळे भरून आले त्याचे.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे दगडू, होतं असं माणसाच्या हातून."

मी — त्याला — माफ केलं.