पाठीवरचा हात

मंदा सोमवारी गेली. आज तिची लवंगांची डबी उघडली आणि त्या वासासरशी रोह्याची समूहगीत स्पर्धा आठवली.

आम्ही नववीत होतो, पेणजवळच्या खाडीकाठच्या मुली. एक ओळ मला एकटीला म्हणायची होती. पडदा सरकायच्या आधीच माझा घसा कोरडा पडला.

"मंदे, मला नाय जमायचं."

मागे उभ्या मंदाने माझ्या तोंडात लवंग कोंबली. "गप गो! अडलीस तर मी हाय ना."

बाईंनी शिकवलं होतं तसा तिने माझ्या पाठीवर तळवा टेकला. त्या आधारावर मी ओळ म्हटली. ओळ संपली, माझी भीती गेली, तरी पाठीवरचा हात कापतच होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

डबीत तीन लवंगा उरल्या आहेत.