आभाळ नसलेले फोटो

लिमयेसरांनी काढलेल्या एकाही फोटोत आभाळ नसायचं. विद्यापीठात आयुष्यभर त्यांनी लांडग्यांवर संशोधन केलं, हडपसरच्या पुढचे गवताळ माळ पायांखाली घातले. पण फोटोत फक्त लांडगा आणि गवत. मागची टेकडी कटाक्षाने वगळलेली. "अहो, टेकडी म्हणजे पत्ता," म्हणायचे. "आणि पत्ता मिळाला की पुणेकर डबा घेऊन हजर!"

पहाटे नारायण पेठेतून त्यांच्या स्कूटरवर निघायचो. मी विद्यार्थी, पण मलाही अहोजाहो. माळावर धुकं असायचं. सर दुर्बीण मांडीवर ठेवून इतके गप्प बसत की वाटायचं, हे झोपलेच आहेत आणि आपण त्यांच्या स्वप्नात आलोय.

त्या वर्षी फाटक्या कानाच्या लांडगिणीला पाच पिल्लं झाली. एका सकाळी ती पाचही बिळाच्या तोंडाशी ओळीने बसली, मागे टेकडी सोन्यासारखी. मला राहवलं नाही. फोटो काढला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला, टेकडीसकट.

रविवारी माळावर गाड्यांची रांग लागली. सोमवारी बीळ रिकामं! "एकेक पिल्लू तोंडात धरून गेली वो," मेंढरं राखणारे बुवा म्हणाले. "जगत्यात का नाय, द्येवालाच ठावं."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "अभिनंदन. बाळंतिणीला घराबाहेर काढलंत." स्कूटरवर त्यांच्या पाठीमागे बसून मी हडपसरपर्यंत रडलो. पुढे कॅमेऱ्याला हात लावला नाही. सर मला माळावर नेत राहिले, पण नवं बीळ कधी दाखवलं नाही.

दोन वर्षं गेली. सर निवृत्त झाले, नजर मंदावली. स्कूटर आता मी चालवायचो. एकदा त्यांनी वेगळाच रस्ता धरायला लावला. अनोळखी माळ, तसंच धुकं. त्यातून एक लांडगीण आली, कान फाटलेला. मागून दोन तरणेबांड लांडगे.

"पाचांतले दोन जगले," सर म्हणाले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "मला नीट दिसत नाही. तुम्ही काढा."

मी कॅमेरा खाली झुकवला. टेकडी गेली, आभाळ गेलं.

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "कुठला हो हा माळ?"

"कळत नाही, सर."

"मग छान आलाय."

त्याच वर्षी सर गेले. मी अजून त्या माळावर जातो. कुठे, ते विचारू नका.