टँकरपासून वीस पावलांवर भाऊबीज

बोट दुबईच्या धक्क्याला लागली तेव्हा मी झोपलेलो होतो, हा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढचा. सात वाजता मी उठलो, चष्मा न लावता खिडकीतून बाहेर पाहिलं, चहूकडे करड्या रंगाचं पाणी दिसलं, आणि "अजून भर समुद्रात आहोत, पड तासभर" असं बायकोला अधिकारवाणीने सांगून पांघरूण ओढून घेतलं.

साडेनऊला सुषमाने मला हलवलं. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"अहो, भर समुद्रात दिव्याचे खांब असतात का?"

मी काहीतरी पुटपुटलो. दीपस्तंभ असेल म्हणालो बहुधा.

"आठ आहेत. रांगेत. आणि तिसऱ्या खांबाशी लाल टपाची टॅक्सी उभी आहे, दारापर्यंत बुडलेली."

मी चष्मा लावला. ज्याला मी अरबी समुद्र समजलो होतो तो बंदराचा वाहनतळ होता. रात्रभर इतका पाऊस झाला होता की समुद्र कुठे संपतो आणि दुबई कुठे सुरू होते, हे सांगायला खांबच तेवढे उरले होते.

एरवी ही गोष्ट आम्ही हसण्यावारी नेली असती. त्या दिवशी मात्र माझ्या अडीच तासांच्या झोपेला किंमत होती. ही बोट आम्ही अबू धाबीला पकडली होती आणि परत अबू धाबीलाच उतरून विमान गाठायचं होतं. मध्ये दुबईत एकच दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. आणि दुबईत सुषमाचा धाकटा भाऊ होता, प्रकाश. चार वर्षांत तो गावी आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा त्याच्या व्हिसाचं काम अडकलं होतं. आईचं शेवटचं दर्शन त्याने फोनवर घेतलं. त्यानंतर ही भावंडं एकमेकांना भेटलीच नव्हती. मला वाटत होतं मी बायकोला क्रूझवर नेतोय. प्रत्यक्षात बायको मला भावाकडे नेत होती, वाटेत पाणी लागत होतं इतकंच.

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. "तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं," असा निर्णय सुषमाने दिला होता. कोणत्या पोथीत लिहिलंय ते मी विचारलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की माणूस पोथ्या विचारत नाही. ताम्हन, चांदीचं निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि चकल्या-करंज्यांचा डबा असा सगळा सरंजाम तिने पुण्याहून आणला होता. बोटीवर चढताना तपासणीत काडेपेटी जप्त झाली. तुपात भिजवलेल्या फुलवाती म्हणजे काय, हे त्या अधिकाऱ्याला कळेना. मी "कानाचं औषध" म्हणालो. त्याने माझ्या कानांकडे सहानुभूतीने पाहिलं आणि डबी परत दिली.

ठरलं असं होतं की प्रकाश अर्धा दिवस सुट्टी काढून नऊ वाजता बंदराच्या फाटकाशी येईल. साडेनऊला त्याचाच फोन आला.

"ताई, आज नाय जमायचं गो. सुट्टी रद्द. अख्खी दुबई माझ्या पायपात आहे."

"कसल्या पायपात?"

घरी सगळ्यांना माहीत होतं की प्रकाश दुबईत 'पाण्याच्या खात्यात' आहे. सासूबाई तर गावभर सांगायच्या, माझा मुलगा दुबईला पाणी पाजतो. आता कळलं की तो सक्शन टँकर चालवतो. तुंबलेली गटारं आणि मैल्याच्या टाक्या उपसायच्या, दूर नेऊन ओतायच्या. एरवी अल क्वोज भागातल्या गोदामांतून त्याची फेरी असते. त्या दिवशी कंपनीने झाडून सगळे टँकर जुन्या शहरात आणले होते.

"मी येते तिकडे," सुषमा म्हणाली.

"येऊ नकोस. इथे लय घाण आहे. तुला बघवायचं नाय."

"आपल्या गोठ्यातलं शेण कोण काढायचं रे? तू पाचवीपर्यंत वास येतो म्हणून माडीवर बसायचास. पत्ता पाठव."

खाडीपलीकडे देरा, मसाल्याच्या बाजाराची मागची गल्ली, असा पत्ता आला.

नाश्त्याच्या मजल्यावर क्रूझचे प्रवासी कठड्याला ओळीने उभे राहून पुराचे फोटो काढत होते. शहर-दर्शनाच्या सहली रद्द झाल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरून सांगत होते की स्वतःच्या जबाबदारीवर कुणाला जायचं तर जा, साडेचारला बोटीवर हजर राहा, बोट कुणासाठी थांबत नाही. ठाण्याचे पाटणकर म्हणून एक गृहस्थ आमच्या टेबलावर असायचे. ते ऑम्लेट खाता खाता म्हणाले, "पाणी बघायचे पैसे आधीच भरलेत साहेब, आता पुन्हा फुकट बघायला कशाला उतरता?" मला मनातून ते पटलं होतं. पण सुषमा ताम्हनाची पिशवी घेऊन जिन्याशी उभी होती.

इथे मी दिवसातला दुसरा शहाणपणा केला. नवे पांढरे बूट भिजू नयेत म्हणून ते खोलीतच ठेवले आणि बोटीवर फुकट मिळालेल्या पांढऱ्या सपाता घालून निघालो. या सपाता आतून पुठ्ठ्याच्या असतात, हे ज्ञान मला फाटकापर्यंतच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने झालं.

फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांनी हात वर केले होते. पेशावरकडचा एक जण म्हणाला, "हाजी साहब, गाडी है, कश्ती नहीं." शेवटी एक उंच चाकांचा पिकअपवाला खाडीपर्यंत सोडायला शंभर दिरहमला तयार झाला. "म्हणजे अडीच हजार!" असं मी सवयीने मोठ्याने म्हणालो. सुषमा तोवर पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा होती. मी मागच्या हौद्यात, ओल्या ताडपत्रीवर.

तीन किलोमीटरला सव्वा तास लागला. रस्त्याच्या मधोमध लोकांनी गाड्या सोडून दिल्या होत्या. एका चौकात रबरी बोटीतून दोन माणसं किराणा पोचवत होती. एक अरब आजोबा आपल्या दारात खुर्ची टाकून पाण्यात पाय सोडून चहा पीत बसले होते. मी हात केला तर त्यांनी पेला उंचावला. सगळं शहर कामाला लागलेलं, पण आरडाओरडा नाही.

खाडीवर पोचलो आणि मला हसू आलं. या खाडीच्या (इथे तिला खोर म्हणतात) दोन्ही काठांनी जुनी दुबई वसली. अब्रा म्हणजे लाकडी होड्या, त्यांतून इकडची माणसं तिकडे करायची, ही इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. रस्ते बंद, मेट्रो अडखळलेली, आणि अब्रा मात्र रोजच्यासारख्या चालू. आमचा नावाडी चितगावचा होता, पिकल्या दाढीचा. म्हणाला, "आज पूरा शहर पानी में है. सिर्फ हम लोग सूखा है." आणि माझ्या पायांकडे बघून त्याने तोंड फिरवलं. हसत होता तो. खांदे हलत होते.

पलीकडे उतरलो तर मसाल्याचा बाजार गुडघाभर पाण्यात. वेलची, दालचिनी, हळद आणि तुंबलेलं गटार यांचा मिळून असा वास सुटला होता की भूक लागावी की मळमळावं ते ठरेना. वाळवलेली काळी लिंबं (ही लूमी, इथे रश्श्यात घालतात) पाण्यावर तरंगत गल्लीतून आमच्या पुढे पुढे चालली होती. पहिली सपात तिथेच गेली. दुसरी मी सन्मानाने स्वतः सोडली.

मागच्या गल्लीत जाड पाइप होते, पंपाचा आवाज होता, पिवळं जाकीट घातलेला पन्नाशीचा एक मल्याळी सुपरवायझर होता. प्रकाश नव्हता.

"टँकर फुल. खाली करने गया," सुपरवायझर म्हणाला. "चालीस मिनिट. इन्शाल्ला."

चाळीस मिनिटं इन्शाल्लासकट दीड तास झाली. पावणेतीन वाजले. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि बोट आपल्याला सोडून गेल्यावर अबू धाबीला कसं पोचायचं याचे बेत करत होतो. एकाही बेतात माझ्या पायांत काही नव्हतं. सुषमा एका इराणी म्हाताऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला ना हिंदी येत होती ना तिला फारसी. तरी त्याच्या किती मुली आहेत हे तिला दीड तासात समजलं होतं.

टँकर गल्लीत मागे मागे येत शिरला. प्रकाश उतरला. केस पांढरे झालेले, मांड्यांपर्यंत रबरी बूट, अंगावर काय काय उडालेलं. तो आमच्याकडे आला आणि चार हातांवर थांबला.

"हात लावू नको हां ताई. गटाराचं पाणी आहे."

तिने सरळ त्याच्या गालाला हात लावला.

सुपरवायझरने नियम सांगितला. टँकर भरायला बारा मिनिटं लागतात, तेवढा वेळ तुमचा. मग त्याचं लक्ष निरांजनाकडे गेलं आणि तो एकदम कडक झाला. "आग नहीं! टँकर में गॅस होता है. बीस कदम दूर." आणि त्याने स्वतः पावलं मोजून दाखवली. विसावं पाऊल नेमकं त्या इराण्याच्या दुकानासमोरच्या खोलगट जागेत पडलं, पाणी मांडीला लागेल असं. इराण्याने आतून एक उंच स्टूल आणून दिलं. तोच पाट. तो धूप विकायचा, त्यामुळे लायटर त्याच्याकडे होता.

प्रकाश स्टुलावर बसला, पाय पाण्यात. "टोपी?" सुषमाने विचारलं. त्याने काखेतलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मी ताम्हन धरलं, सुषमाने साडी खोचली, फुलवात पेटवली. वारा होता म्हणून इराणी म्हातारा पुठ्ठा धरून उभा राहिला, आणि सुपरवायझर लांबून घड्याळ धरून. हेल्मेट मागे सारून तिने कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. ओवाळलं.

आता ही दोघं आईबद्दल बोलणार आणि रडणार, म्हणून मी तोंड दुसरीकडे केलं. माझ्या कानावर आलं ते असं:

"जेवलास का?"

"सकाळी चा-बिस्किट."

"आणि आता तीन वाजले. डबा कोण देतं?"

"मेस आहे."

"मेसवाल्याला सांग, तेल कमी घाल. पोट बघ. आ कर. कर आ. डावीकडची दाढ अजून तशीच? काढायला सांगितली होती ना?"

"काढतो गो."

"कधी? सगळे दात पडल्यावर? चकली खा. हात नको लावूस, मी भरवते."

असं सात-आठ मिनिटं चाललं. दाढ, तेल, बनियन बदलतोस का, रात्री किती वाजता निजतोस. त्याने तीन चकल्या आणि दोन करंज्या लहान मुलासारख्या आ करून खाल्ल्या. आईचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही. मला चुटपुट लागली. चार वर्षांनी भेटायचं, एवढं पाणी तुडवायचं, आणि दाढेवर बोलायचं.

पंपाचा आवाज बदलला. सुपरवायझर म्हणाला, "खलास. यल्ला, चलो प्रकाश."

ओवाळणी घालायला त्याने खिसे चाचपले. ओल्या हातमोज्यांशिवाय काही नव्हतं. मग त्याची नजर माझ्या अनवाणी पायांवर गेली. तो टँकरच्या केबिनमधून जादाच्या रबरी बुटांची जोडी घेऊन आला आणि म्हणाला, "भावोजी, हे घाला. इथे काचा असतात." ओवाळणी बहिणीला द्यायची असते. मिळाली मला, आणि ती दोन नंबर मोठी निघाली.

टँकर वळणापर्यंत दिसत राहिला. तो आरशातून हात करत होता, की आरसा पुसत होता, ते लांबून कळलं नाही. सुषमाने मात्र हात केला.

परतीला पाणी ओसरत होतं, म्हणून निभावलं. साडेचारला सात मिनिटं असताना मी बोटीच्या शिडीवर फताक फताक करत चढलो. तपासणीवाल्यांनी माझे बूट मशीनमधून दोनदा फिरवले, मग नाक धरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून परत केले. पाटणकरांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हणालो, एक दाढ.

पाचला बोट सुटली. वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं, सगळे आत चहाला गेले होते. शहराचे मनोरे मागे सरकत होते. सुषमा कठड्याला टेकून उभी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, तुम्ही काही बोललाच नाहीत. आईबद्दल एक शब्दही नाही.



"आई दर रविवारी त्याला फोनवर तेवढंच विचारायची," ती म्हणाली. "जेवलास का, दाढ काढलीस का. दोन वर्षं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आज आईचं राहिलेलं बोलून झालं. माझं अजून बाकी आहे. पुढच्या वेळी ही बोट-बीट नको, सरळ विमानाने येऊ आणि आठ दिवस राहू. तुम्ही नाही आलात तरी चालेल."